पेक्स पाइपचे क्रिंप जोड: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

घरातली पाण्याची लाइन पेक्स या प्लास्टिकच्या पाइपने टाकायची ठरली की सुरुवातीला सगळं फार सोपं वाटतं. पाइप लवचीक, वेटोळ्यात मिळणारा, कोपऱ्यात आपसूक वळणारा. सोल्युशन लावून वाळायची वाट बघायला नको, बर्नर पेटवायला नको. फिटिंग आत खुपसा, वरून तांब्याची रिंग चेपा, झाला जोड. हात बसला की खरंच तेवढंच काम उरतं. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने. चुकलेला जोड बरोबर जोडासारखाच दिसतो. पाणी सुरू केल्यावर तोही कोरडा राहतो, आणि भिंत बंद होऊन रंग लागला की मग पाझरायला लागतो.

म्हणून या लेखात पक्कडीचे दांडे दाबण्याबद्दल थोडं आहे, त्याच्या आधी आणि नंतर काय करायचं याबद्दल जास्त.

क्रिंप जोडात, म्हणजे रिंग चेपून केलेल्या जोडात, रबर नसतं, चिकटवायला काही नसतं, आटेही नसतात. फिटिंगच्या नळीवर बारीक कंगोरे असतात. पाइप त्यावर चढतो आणि बाहेरची रिंग पाइपची भिंत त्या कंगोऱ्यांवर दाबून धरते. पाणी अडवतो तो हा दाब, दुसरं काही नाही. दाब कमी पडला तर जोड पाझरतो किंवा सुटतो. जास्त झाला तर पाइपची भिंत कंगोऱ्यांवर चिरडली जाते आणि पुढे कधीतरी तिथेच तडकते. बरोबर आणि चूक यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतं. ते डोळ्याला दिसत नाही, हाताला जाणवत नाही, आणि एकदा चेपलेली रिंग नंतर आणखी आवळायची सोयही नाही.

इथे लिहिलेलं सगळं घरातल्या गार-गरम पाण्याच्या लाइनसाठी आहे. पेक्सचा नुसता पाण्याचा पाइप गॅसला वापरायचा नाही. काही ठिकाणी भिंतीआडच्या जोडांना आणि चाचणीला स्थानिक नियम असतात, ते काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.

१. आधी पाइपवरचा छापा वाचा

पेक्स म्हणजे क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिन. साध्या पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या की ते गरम पाण्यात मऊ पडून वाहत नाही. हे जोडणं तीन पद्धतींनी होतं आणि त्यावरून पाइपला ए, बी, सी अशी अक्षरं मिळतात. ही अक्षरं म्हणजे गुणपत्रिका नव्हे. 'ए' म्हणजे पहिल्या नंबरचा आणि 'सी' म्हणजे हलका, असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. अक्षर फक्त बनवण्याची पद्धत सांगतं. ए जातीचा पाइप जास्त लवचीक असतो, बी जातीचा थोडा ताठ. क्रिंप जोड तिन्हींवर चालतो.

पाइपच्या अंगावर दर काही अंतरावर छापील ओळ येते. तिच्यात माप असतं, मानक क्रमांक असतो आणि दाबाची मर्यादा असते. इंची मापाच्या पाइपवर बहुधा एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) एफ ८७६ आणि एफ ८७७ हे क्रमांक सापडतील. मर्यादा साधारण अशी छापलेली असते: २३ अंश सेल्सिअसला १६० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), ८२ अंशांना १०० पीएसआय, ९३ अंशांना ८० पीएसआय. पाणी जितकं तापेल तितका पाइप कमी दाब सोसतो, एवढं त्यावरून लक्षात घ्यायचं.

त्याच ओळीत 'पेक्स'पुढे चार आकड्यांचा एक कोड असतो, उदाहरणार्थ ५१०६ किंवा ५३०६. याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण तो कामाचा आहे. पहिला आकडा क्लोरीनच्या गरम पाण्यात पाइप किती टिकतो ते सांगतो. ५ असेल तर सतत गरम पाणी फिरणाऱ्या लाइनलाही चालतो. ३ किंवा १ असेल तर गरम पाणी वेळेच्या काही भागातच वाहणार हे धरलेलं आहे. दुसरा आकडा उन्हाचा: १ म्हणजे १ महिना, २ म्हणजे ३ महिने, ३ म्हणजे ६ महिने. एवढाच काळ हा पाइप उघड्या उन्हात राहिलेला चालतो. गच्चीत किंवा अंगणात पडून राहिलेलं वेटोळं स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. ऊन खाल्लेला पाइप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून ठिसूळ झालेला असतो.

रंगाचं मात्र काही विशेष नाही. लाल गरम पाण्याचा, निळा गार पाण्याचा, ही फक्त आपल्या सोयीची खूण. पाइप तोच.

आता सगळ्यात वाईट सापळा. अर्धा इंची पेक्सचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर असतो. मेट्रिक मापाचा १६ मिलिमीटरचा पाइपही बाजारात असतो. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक ओळखता येत नाही. फिटिंगही कमी-जास्त जोर लावून आत जातं. पण दोघांच्या भिंतीची जाडी वेगळी आहे, त्यामुळे रिंग चेपल्यावर कंगोऱ्यांवर येणारा दाबही वेगळा. मधे ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप हा आणखी तिसरा प्रकार. त्याला त्याचीच फिटिंग लागतात. तेव्हा व्यास मोजून नव्हे, छापा वाचून पाइप घ्या, आणि छापा पुसलेला तुकडा कितीही लांब असला तरी पिण्याच्या पाण्याच्या लाइनला वापरू नका.

२. रिंग, फिटिंग आणि हत्यार एकाच पद्धतीचं घ्या

पेक्स जोडायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि दुकानात त्यांची फिटिंग एकाच फळीवर मांडलेली असतात. आपल्याला लागणारी दोनच.

पहिली तांब्याच्या रिंगची. ही सपाट, अखंड रिंग पक्कड सगळ्या बाजूंनी सारखी आत दाबते. पितळी फिटिंग असेल तर त्यावर एफ १८०७ हा क्रमांक असतो, प्लास्टिकचं असेल तर एफ २१५९. दुसरी स्टीलच्या क्लॅम्पची. या रिंगला एका बाजूला कानासारखा उंचवटा असतो आणि पक्कड फक्त तो कान चिमटते. फिटिंग मात्र दोन्ही रिंगांना तीच चालतात.

फरक हत्यारात आहे. तांब्याच्या रिंगेला प्रत्येक मापाचा जबडा वेगळा लागतो, अर्ध्या इंचीचा वेगळा, पाऊण इंचीचा वेगळा. शिवाय लांब दांडे उघडायला जागा लागते. स्टीलच्या क्लॅम्पला एकच पक्कड सगळ्या मापांना चालते आणि ती अडचणीच्या जागी एका बाजूने घालता येते. मग सगळेच क्लॅम्प का वापरत नाहीत? कारण तांब्याची रिंग गेजने, म्हणजे खाचा पाडलेल्या मापपट्टीने, मोजता येते. होय किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. नवशिक्याला हे उत्तर मिळणं फार मोलाचं आहे, म्हणून मी पहिल्या कामाला तांब्याची रिंगच सुचवतो. सिंकखालच्या कोपऱ्यात दांडे उघडतच नसतील तर तेवढ्यापुरता क्लॅम्प वापरायला हरकत नाही. पण तांब्याच्या रिंगेवर क्लॅम्पची पक्कड आणि क्लॅम्पवर क्रिंपची पक्कड, हे कधीच नाही.

पाइप फुगवून बसवायच्या पद्धतीची फिटिंगही तिथेच मांडलेली असतात. त्यावर एफ १९६० असं लिहिलेलं असतं आणि नळी जाड असते. पाइप न फुगवता ती आत जात नाहीत. कुणी पाइप तापवून त्यावर क्रिंप रिंग बसवायचा सल्ला दिला तर ऐकू नका.

पितळ घ्यायचं की प्लास्टिक? पाणी क्षारांचं किंवा खारट असेल तर साध्या पितळातलं जस्त झिजून फिटिंग सच्छिद्र होतं. अशा ठिकाणी जस्त न सुटणारं पितळ मागा किंवा पॉलिमरचं फिटिंग घ्या. बाकी ठिकाणी दोन्ही टिकतात. पॉलिमरचं फिटिंग एकदा चेपल्यावर पुन्हा वापरता येत नाही, हे हिशेबात धरा.

कामाला बसण्याआधी जवळ असायला हवं ते असं:

- पाइप कटर, प्लास्टिकसाठीचा, धारदार पात्याचा
- लागणाऱ्या प्रत्येक मापाची क्रिंप पक्कड, किंवा जबडे बदलता येणारी एक
- त्या रिंगांसाठीचं गो / नो-गो गेज आणि पक्कड जुळवायची किल्ली (दोन्ही बहुधा पक्कडीबरोबरच येतात)
- रिंग कापायची पक्कड किंवा बारीक पात्याचा कटर
- न पुसणारा मार्कर, मोजायची टेप, कोरडं फडकं
- मोजलेल्यापेक्षा जास्त रिंगा, दोन-तीन जादा कपलर (दोन पाइप सरळ जोडणारी फिटिंग) आणि टोप्या
- दाब मोजायचं मीटर आणि हातपंप

यातलं गेज आलं नसेल तर ते मिळेपर्यंत काम सुरू करू नका.

३. जोड कमीत कमी ठेवून आखणी करा

पेक्स वेटोळ्यात मिळतो याचा खरा फायदा इथे आहे. कडक पाइपच्या सवयीने लोक प्रत्येक वळणाला एल्बो आणि प्रत्येक नळाला टी लावत जातात. पेक्सला याची गरज नाही. एका ठिकाणी मॅनिफोल्ड (एका लाइनचे अनेक फाटे करणारा तुकडा) बसवून तिथून प्रत्येक नळाला अखंड पाइप नेला तर भिंतीआड एकही जोड राहत नाही. पाइप जास्त लागतो, रिंगा कमी लागतात. कुठला व्हॉल्व बंद केला की कुठलं पाणी थांबेल हेही समोर दिसतं.

दुसरं कारण पाण्याच्या धारेचं. क्रिंप फिटिंग पाइपच्या आत जातं, म्हणजे त्याचं भोक पाइपच्या भोकापेक्षा लहान असतं. एका लाइनवर आठ-दहा एल्बो झाले की टोकाच्या शॉवरला फरक जाणवतो. वळण पाइपलाच द्या. त्रिज्या बी जातीच्या पाइपला बाहेरच्या व्यासाच्या ८ पट, ए जातीच्या पाइपला ६ पट असावी. अर्धा इंची बी पाइपसाठी हे साधारण १३ सेंटिमीटर होतं. त्याहून तंग वळण हवं असेल तिथे एल्बो.

४. पक्कड आधी जुळवा

नवी पक्कड कारखान्यातून जुळवलेली येते असं गृहीत धरू नका. भंगार तुकड्यावर, टाकाऊ कपलरवर एक जोड करा आणि गेज लावा. रिंग मोठी राहिली असेल तर पक्कडीचा जुळवणीचा स्क्रू किंवा नट थोडा घट्ट, लहान झाली असेल तर थोडा सैल. पाव फेरा हा पुष्कळ असतो. नव्या रिंगेवर पुन्हा करून बघा. गेज बरोबर दाखवेपर्यंत हेच करत राहा, आणि दोन-तीन जोड सलग बरोबर आले की मगच खऱ्या पाइपला हात लावा. चार रिंगा वाया जातात, जाऊ द्या.

काम मोठं असेल तर हे रोज सकाळी करायचं. पक्कड खाली पडली तर लगेच करायचं. जबडा बदलल्यावरसुद्धा.

५. काटकोनात कापा, साफ करा

हॅक्सॉ वापरू नका. पाइप कापला जातो, पण काठावर तुसं उठतात, आणि आत पडलेला प्लास्टिकचा चुरा नळाच्या जाळीत आणि गार-गरम मिक्सर नळाच्या आतल्या कार्ट्रिजमध्ये जाऊन अडकतो. कटर काटकोनात धरा. पातं पाइपला टेकल्यावर पाइप किंचित फिरवत दाबा. पातं बोथट असेल तर पाइप कापण्याआधी चेपतो आणि तोंड लंबगोल होतं.

तिरपा काप का चालत नाही, ते समजून घ्या. पाइपचं टोक फिटिंगच्या खांद्याला, म्हणजे कंगोरे संपतात तिथल्या कडेला, सगळीकडून टेकायला हवं. तिरपं असेल तर एका बाजूला टेकतं आणि दुसऱ्या बाजूला कमी आत जातं. रिंग टोकापासून मोजून बसवली तरी त्या बाजूला ती पाइपच्या कडेच्या फार जवळ येते.

कापल्यावर टोकाचे पाच-सहा सेंटिमीटर फडक्याने पुसा आणि नख फिरवून बघा. पाइप दगडी कडेवरून किंवा लोखंडी भोकातून ओढला असेल तर त्यावर लांब चिरा पडतात. रिंगेखाली अशी चीर आली तर पाण्याला तीच वाट मिळते. नखाला चीर अडकत असेल तर तेवढं टोक कापून टाका. म्हणूनच पाइप ओढताना टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची आणि दोन्हीकडे हातभर जादा ठेवायचा.

६. रिंग आधी घाला, नंतर फिटिंग

हे लिहायची गरज वाटू नये, पण सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं ते हेच. फिटिंग बसल्यावर रिंग घालायला जागाच उरत नाही.

रिंग पाइपवर दोन-तीन इंच मागे सरकवा. फिटिंग कोरडंच, सरळ आत दाबा. साबण, तेल, ग्रीस, सोल्युशन, टेफ्लॉन टेप यातलं काहीही कंगोऱ्यांवर लावायचं नाही. टेप फक्त आट्यांना. तेलकट पदार्थ आणि सॉल्व्हंट तर पाइपलाच खातात. फिटिंग जोर न लावता सळकन आत गेलं तर थांबा, माप जुळत नसणार. जोर लावून पाइप खांद्याला टेकला की तिथे मार्करने एक रेघ मारा. पुढे पाइप मागे सरकला तर लगेच दिसेल.

आता रिंग पुढे आणा. तिची कड पाइपच्या टोकापासून एक ते दोन सूत, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटर आत असायला हवी. टोकाशी अगदी लागून असेल तर रिंगेचा अर्धा भाग कंगोऱ्यांच्या बाहेर पडतो. फार मागे गेली तर शेवटच्या कंगोऱ्याच्या मागे नुसत्या पाइपला चेपते. दोन्हीत जोड दिसायला छान होतो आणि पाणी धरत नाही.

उभ्या पाइपवर रिंग खाली घसरते. एक हात पाइपवर, एक पक्कडीवर, तिसरा हात कुठून आणायचा? साध्या पक्कडीने रिंग किंचित चिमटा, एवढीच की ती जागेवर अडून राहील. गोलाई बिघडेपर्यंत दाबू नका.

आटे असलेलं फिटिंग असेल तर क्रम उलटा. आधी ते व्हॉल्वमध्ये पान्याने घट्ट बसवून घ्या, मग पाइप चढवून क्रिंप करा. क्रिंप झाल्यावर आटे आवळायला गेलात की पाइपला पीळ पडतो.

७. एकदाच आणि पूर्ण दाबा

जबडा रिंगेवर असा बसवा की रिंग पूर्ण जबड्यात आहे आणि पक्कड पाइपला काटकोनात आहे. दोन्ही बाजूंनी बघा. समोरून काटकोन दिसतो आणि बाजूने बघितलं की पक्कड तिरकी असते, असं अडचणीच्या जागी हमखास होतं. तिरकी चेपलेली रिंग एका कडेला घट्ट आणि दुसऱ्या कडेला सैल राहते.

दांडे शेवटपर्यंत मिटवा. मध्येच थांबून, पक्कड फिरवून पुन्हा दाबायचं नाही. एकदा चेपलेल्या रिंगेवर दुसऱ्यांदा क्रिंप केलं की तिची गोलाई जाते आणि गेजचं उत्तर फसवं होतं. हातात जोर कमी पडत असेल तर लहान जोड ओट्यावर किंवा जमिनीवर करून घ्या. एक दांडा जमिनीला टेकवून दुसरा अंगाच्या भाराने दाबता येतो. टी, एल्बो आणि त्यांना जोडलेले छोटे तुकडे असे आधीच तयार करून घेतले तर भिंतीत फक्त एक-दोन जोड राहतात.

क्लॅम्प वापरत असाल तर पक्कडीचे जबडे कानावर दोन्हीकडून नीट बसलेत ना बघा आणि ती आपली आपण सुटेपर्यंत दाबत राहा. मध्येच आणीबाणीची कळ दाबून पक्कड सोडवावी लागली तर तो क्लॅम्प काढून नवा लावा.

८. प्रत्येक रिंगेला गेज

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि कामात सगळ्यात आधी गाळला जातो तोही हाच.

गेज म्हणजे खाचा पाडलेली एक सपाट पट्टी. प्रत्येक मापाला दोन खाचा असतात. 'गो' खाच चेपलेल्या रिंगेवर सहज गेली पाहिजे, 'नो-गो' खाच जाता कामा नये. काही गेजवर एकच पायरीची खाच असते. रिंग पहिल्या पायरीपर्यंत जाऊन तिथे अडायला हवी. अर्धा इंची रिंगेसाठी एफ १८०७ मानकानुसार चेपल्यानंतरचा व्यास ०.७०० ते ०.७१५ इंच, म्हणजे १७.७८ ते १८.१६ मिलिमीटर यांच्यात असायला हवा. सगळी मोकळीक ०.३८ मिलिमीटरची. हे टेपने मोजायचं काम नाही.

गेज लावताना तीन गोष्टी सांभाळा. एक, गेज दाबून बसवायचं नाही. ढकलावं लागलं तर ते 'गो' नव्हे. दोन, पक्कडीचे दोन जबडे जिथे एकमेकांना भेटतात तिथे रिंगेवर बारीक कड उठते, बोट फिरवलं तरी कळते. गेज त्या कडेवर लावू नका, तिथे आकडा मोठा येतो आणि चांगला जोड बाद ठरतो. तीन, एका जागी लावून थांबू नका. पाव फेरा फिरवून दुसऱ्या जागी लावा. एकीकडे 'गो' आणि दुसरीकडे अडलं म्हणजे रिंग गोल राहिलेली नाही.

'गो' अडलं तर क्रिंप सैल आहे. 'नो-गो' आत गेलं तर जास्त आवळलं गेलं आहे. सैल जोड निदान पाणी सुरू केल्यावर बोंब मारण्याची शक्यता असते. जास्त आवळलेला जोड पाण्याच्या सगळ्या चाचण्या पास होतो आणि नंतर तडकतो, म्हणून मी त्याला जास्त घाबरतो.

गेज बरोबर आलं की रिंगेशेजारी पाइपवर मार्करने बरोबरची खूण करा. ही खूण शोभेची नाही. रिंग सरकवून ठेवली, फोन आला, दुसरीकडे वळलात आणि ती रिंग चेपायची राहूनच गेली, हे अनुभवी माणसांकडूनही होतं. कंगोऱ्यांची पकड इतकी असते की न चेपलेला जोडसुद्धा घरातल्या साध्या दाबाला काही काळ कोरडा राहू शकतो, आणि मग एके दिवशी पाइप निसटतो. खूण नसलेला जोड म्हणजे न झालेला जोड, असं धरून शेवटी सगळी लाइन एकदा नजरेखालून घाला.

तयार जोड हाताने जोर लावून थोडा फिरला तर दचकू नका. पितळी फिटिंगवर असं होतं. गेज बरोबर असेल तर नुसत्या फिरण्याने जोड बाद होत नाही. पण तो फिरवून बघायचा छंदही लावून घेऊ नका.

९. जोड बाद झाला तर

रिंग कापा, पाइप फिटिंगवरून ओढून काढा आणि चेपलेलं टोक पूर्ण कापून टाका. त्या टोकावर कंगोऱ्यांचे ठसे उमटलेले असतात, त्यावर पुन्हा जोड होत नाही. पाइप कमी पडला तर कपलर टाकून तुकडा वाढवा.

पितळी फिटिंग वाचवायचं असेल तर रिंग कापताना पातं कंगोऱ्यांपर्यंत पोचू देऊ नका. पाइप उभा चिरताना कंगोऱ्यांवर आडवा गेलेला एक ओरखडासुद्धा पाण्याला पुरतो. शंका असेल तर फिटिंग टाकून द्या. पॉलिमरचं असेल तर शंका नसली तरी टाका.

१०. जोडावर ताण येऊ देऊ नका

फिटिंगमधून बाहेर आल्याबरोबर पाइप वळवला की रिंगेवर कायमचा एकतर्फी ताण राहतो. फिटिंगपासून काही अंतर पाइप सरळ राहू द्या, मग वळण द्या, आणि वळणाच्या आधी एक क्लिप मारा. आडव्या पाइपला साधारण ८० सेंटिमीटरवर आधार द्या. क्लिपा पाइप सरकू देणाऱ्या हव्यात, आवळणाऱ्या नकोत.

कारण गरम पाण्याने पेक्स चांगलाच लांबतो. १० मीटरचा पाइप ५० अंशांनी तापला तर ७-८ सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकं जखडून पाइप ताणून बसवला असेल तर तापताना तो बाक धरतो आणि गार होताना जोड ओढतो. पाइप थोडा नागमोडी सोडा. ताणलेल्या सरळ रेषेत तो देखणा दिसतो खरा.

तांब्याच्या पाइपला डाग देऊन जोडायचं असेल तर ते आधी उरका, गार होऊ द्या, फ्लक्स (डाग देताना लावलेला लेप) पुसा, मग पेक्स जोडा. झालेल्या क्रिंप जोडापासून निदान ४५ सेंटिमीटरच्या आत ज्योत नको. गिझरलाही पेक्स थेट लावायचा नाही, पहिले ४५ सेंटिमीटर धातूचा पाइप किंवा धातूचा कनेक्टर ठेवा.

पाइपला मुरड पडली तर ए जातीचा पाइप हीट गनने हलकेच तापवला की पूर्ववत होतो. बी आणि सी जातीचा होत नाही. तेवढा तुकडा कापून कपलर टाका.

११. झाकण्याआधी दाबचाचणी

नळ, शॉवर, गिझर जोडायच्या आधी सगळी तोंडं टोप्यांनी बंद करा. लाइन पाण्याने भरा, सगळ्यात उंच टोकाकडून हवा काढून टाका. आधी साध्या दाबावर प्रत्येक जोड बघून घ्या, मग हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब चढवा. पाइपवर छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. हवेने चाचणी करायची टाळा, विशेषतः पॉलिमरच्या फिटिंगवर. दाबलेली हवा सुटली तर तुकडे उडतात.

मीटरचा काटा पहिल्या काही मिनिटांत खाली येईल. घाबरून गळती शोधायला धावू नका. पेक्स दाबाखाली किंचित फुगतो म्हणून असं होतं. पुन्हा पंप करून दाब पूर्ण करा, काटा स्थिरावेपर्यंत हे एक-दोनदा करावं लागतं. त्यानंतर निदान अर्धा तास काटा हलता कामा नये. मला रात्रभर ठेवायला आवडतं, पण रात्री गारठा वाढला तर त्यानेही काटा थोडा उतरतो, हे ध्यानात ठेवून सकाळी निष्कर्ष काढा.

बारीक पाझर डोळ्याला चुकवतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा गुंडाळून ठेवा. थेंब पडण्याइतकं पाणी नसलं तरी कागदावर ओला डाग लगेच उठतो.

चाचणी झाली की प्लास्टर किंवा फळी लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत टेप उघडून धरलेली असू द्या. एखादा जोड भिंतीआड ठेवावाच लागला असेल तर तो फरशीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे लिहा, आणि तो कागद मेन व्हॉल्वजवळ लावा. पुढे कुणी आरसा टांगायला ड्रिल घेऊन आला तर त्याला आधी तो कागद दाखवा.